चपला कुणाच्या? चाळीतला हॉरर गेम बनवताना

हॉरर गेममधलं घर म्हटलं की काय येतं डोळ्यासमोर? गावाबाहेर एकटा भलामोठा बंगला, लोखंडी गेट, आत झुंबर, दोन्ही बाजूंनी वर जाणारा जिना आणि मोजता येणार नाहीत एवढ्या खोल्या. १९९६ च्या पहिल्या रेसिडेंट इव्हिलमधलं स्पेन्सर मॅन्शन तसंच, २०१७ च्या सातव्या भागातलं बेकर कुटुंबाचं घर तर थेट लुइझियानाच्या दलदलीत. मला असा एक गेम बनवायचा होता, हौस म्हणून, ऑफिसातून आल्यावर रात्री जागून, आणि मी वाढले लालबागच्या चाळीत, आता राहते भांडुपला. त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की मुंबईत भुताने राहायचं कुठे, इथे माणसांनाच जागा नाहीये.

बंगला करून बघितला आधी. मढला शूटिंगला भाड्याने देतात ना तसले बंगले, म्हटलं एक तसा उभा करू. दिवाणखान्यात फायरप्लेस वगैरे टाकली आणि मग स्वतःच हसायला लागले, मढला फायरप्लेस! ती फाइल कुठेतरी पडून आहे अजून.

मग चाळ. इंजिन, म्हणजे ज्यात गेम बांधतात ते सॉफ्टवेअर, गोडो घेतलं कारण फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चालतं, थ्रीडी मॉडेल्स सगळी ब्लेंडर नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. सुरुवातीला भिंती, जिने, दारं सगळं करड्या ठोकळ्यांचं उभं करतात, त्याला ग्रेबॉक्स म्हणतात, रंगरंगोटी काही नाही, फक्त चालून बघायचं की जागा नीट वाटते का. चाळ या बाबतीत एकदम सोपी, एक मजला केला की तोच उचलून वर ठेवायचा, तळमजला अधिक तीन, मधे चौक, चारी बाजूंनी गॅलरी, लाकडी कठडा, गॅलरीच्या टोकाला संडास. एका शनिवार-रविवारात उभी राहिली. चालून बघितलं तर भीती शून्य. आणि कारण लगेच कळलं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आमचीही साधारण तेवढीच, म्हणजे दारात उभं राहिलं की पलंग, ओटा, मोरी, देव्हारा, पोटमाळा सगळं एका नजरेत दिसतं. कोपऱ्याआड काय आहे बघायला कोपराच नाही! भूत लपणार कुठे, पाण्याच्या पिंपात?

खोलीत होणार नाही हे कळलं म्हणून सगळा भार गॅलरीवर टाकला. गॅलरी म्हणजे आपला आयता कॉरिडॉर, लांब, अरुंद, एका बाजूला बंद दारांची रांग आणि दुसऱ्या बाजूला चौकाची पोकळी. पण तिथेही काहीतरी अडत होतं. मग एका रात्री आत्याशी फोनवर बोलताना उलगडा झाला. आत्याची चाळ, लालबागचीच, रीडेव्हलपमेंटला गेलीय, सगळे भाडेकरू बाहेर पडलेत, ती डोंबिवलीला भाड्याने राहते. ती सहज बोलून गेली की अगं परवा पत्रं आणायला गेले होते तर जिन्यावर कुणीच नाही, मला वरपर्यंत जाववेना, आयुष्य काढलं तिथे पण पाय उचलेना. तिथे माझी ट्यूब पेटली. बंगल्यात तुम्ही एकटे असणारच, ते ठरलेलंच आहे. पण चाळीत कधीच कुणी एकटं नसतं, कुणाची कुकरची शिट्टी, कुणाची सिरियल, कुणाचं भांडण, कानावर काहीतरी पडतच राहतं. चाळीत घाबरवायचं असेल तर भूत आणायची घाई नाही, आधी शेजारी काढायचे.

आणि हे मुंबईत आत्ता खरोखर चालू आहे. नुसत्या बीडीडी चाळी घ्या, १९२० च्या दशकातल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या कितीतरी एकेक करून रिकाम्या होत गेल्या. खाजगी चाळींची तर गिनतीच नाही. माणसं गेलीत आणि इमारत अजून पाडलेली नाही असा जो मधला काळ असतो ना, तो माझा गेम. कथा एवढीच की एक मुलगी आजीची भाडेपावती शोधायला रिकाम्या चाळीत संध्याकाळी जाते. पावती मिळाली नाही तर घर मिळणार नाही. मुंबईकराला याच्यापेक्षा मोठं मोटिव्हेशन काय देणार, खजिना?

मग आवाज. हे माझं सगळ्यात आवडतं काम झालं आणि सगळ्यात त्रासाचंही. आत्याने तिथल्या सेक्रेटरींना फोन केला, त्यांनी वॉचमनला सांगितलं, आणि मी आणि दादा रात्री छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो. रात्रीच, कारण दिवसा लालबागमध्ये काय रेकॉर्ड करणार, वर गणपती जवळ आलेले, कुठल्या तरी मंडळाच्या पथकाची ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालूच असायची. शेवटची लोकल गेल्यापासून पहिली सुटेपर्यंत जो काही वेळ मिळतो त्यात उरकायचं, आणि त्यातही कुत्री, पाण्याचे टँकर, कुणाचा तरी एसी. शांतता अशी मुंबईत नसतेच हे तेव्हा हेडफोन लावून कळलं, एक बारीक गूं सतत असतो पाठीमागे. मी तो काढून टाकला नाही, उलट तोच गेममध्ये तळाला ठेवला, आणि एका ठरावीक क्षणी तो हळूहळू बंद करते. खेळणाऱ्याला काय बदललं ते सांगता येत नाही पण माणूस ताठ बसतो. आवाज टाकून घाबरवण्यापेक्षा काढून घेऊन जास्त घाबरवता येतं असं माझं आता मत झालंय, दचकवायला धडाम आवाज करणं म्हणजे आळशीपणा आहे.

काय काय रेकॉर्ड केलं तर कडी-कोयंडा, दुपाखी दाराचं करकरणं, मोरीत बादली ओढल्याचा आवाज, पत्र्याची पेटी, आणि जिना. जिना तर काहीही न करता बोलत होता. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री निवतं, आकसतं आणि मधेच कट्ट वाजतं, आपण तळाला उभे आणि तिसऱ्या मजल्यावर कट्ट. दादा म्हणाला, "हे मला माहितीय गं, पण तरी चल ना लवकर." अशा वेळी शास्त्र काही कामाला येत नाही.

शास्त्रावरून आठवलं, मी ते १९ हर्ट्झचं पण करून बघायच्या विचारात होते. व्हिक टँडी म्हणून इंग्लंडमधला एक इंजिनिअर, त्याच्या लॅबमध्ये लोकांना भास व्हायचे, अंगावर काटा यायचा, शोधता शोधता निघाला एक पंखा, जो साधारण १९ हर्ट्झचा म्हणजे कानाला ऐकूच न येणारा आवाज काढत होता, १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. म्हटलं हे भारी आहे, टाकू गेममध्ये. पण लोक खेळणार लॅपटॉपच्या स्पीकरवर नाहीतर स्टेशनबाहेर घेतलेल्या इयरफोनवर, त्यातनं १९ हर्ट्झ काय बाहेर पडणार, कप्पाळ. सोडून दिलं.

तर मूळ मुद्दा, चपला. रेकॉर्डिंग करत दुसऱ्या मजल्यावर आलो तर टोकाच्या एका खोलीला बाहेरून कुलूप, धूळ बसलेलं, आणि दारात चपलांचा एक जोड. नीट जुळवून ठेवलेला, आत जाताना काढतात तसा. बाकी काही नाही. सोडून गेले असतील लोक, जुन्या चपला कोण नेतं ट्रान्झिट कॅम्पला, एवढंच असणार. पण आम्ही दोघं त्या दारावरून जाताना कठड्याला खेटून गेलो हे नक्की. दुसऱ्या दिवशी आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "कुलूप बाहेरून आणि चपला दारात? मग गेलं कोण अनवाणी?"

बास, तिथे मला माझा राक्षस मिळाला. मराठी घरात दाराबाहेरची चपल म्हणजे हजेरी असते, लहानपणापासून आपण दारातल्या चपला बघूनच ओळखतो की काका आलेत, पाहुणे आलेत, बाबा अजून यायचेत. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा गेममध्ये भूत दाखवायचंच नाही, चपला दाखवायच्या. पहिल्यांदा त्या गॅलरीच्या पार टोकाला कुलूपबंद दारात. परत त्या मजल्यावर आलात की एक दार अलीकडे. मग अजून एक.

परत त्याच मजल्यावर येणार कसं, तर त्यासाठी चकवा. आमचं गाव कोकणात, आजीकडून चकव्याच्या गोष्टी ऐकत मोठी झालेय, रात्री माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि फिरून त्याच आंब्याखाली येतो. गेमवाल्यांना ही आयडिया पी.टी.मुळे माहितीय, २०१४ मध्ये प्लेस्टेशनवर फुकट आलेला छोटासा गेम, एक कॉरिडॉर, टोकाचं दार उघडलं की परत तोच कॉरिडॉर, फक्त दर वेळी काहीतरी बदललेलं. ज्या मोठ्या गेमची तो झलक होता तो रद्द झाला आणि २०१५ मध्ये पी.टी. पण स्टोअरवरून काढून टाकला, तरी लोक अजून त्याबद्दल बोलतात. मी तो बघून म्हटलं हा तर आपला चकवा आहे, फक्त एसीतला. माझ्या चाळीत तुम्ही जिना चढता, वर येता, तर तोच मजला.

हे करायला वाटतं तेवढं अवघड नाही पण किचकट आहे. जिन्याचं मधलं वळण असतं ना जिथून वरचाही मजला दिसत नाही आणि खालचाही, तिथे एक अदृश्य डबा ठेवायचा, गोडोमध्ये त्याला एरिया थ्रीडी म्हणतात, खेळणारा त्यात शिरला की त्याला बरोब्बर एका मजल्याच्या उंचीइतकं खाली सरकवायचं, बघण्याची दिशा तीच, चालण्याचा वेग तोच, म्हणजे त्याला कळतही नाही. कळतं ते भलत्याच गोष्टींनी. दोन्ही वळणांवर उजेड आणि सावल्या डिट्टो सारख्या नसतील तर चमक दिसते. फिजिक्स इंटरपोलेशन, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून इंजिन मधल्या जागा स्वतः भरतं ती सोय, चालू असेल तर एका फ्रेमपुरतं चित्र सर्रकन घसरतं, ते त्या क्षणी रीसेट करावं लागतं. आणि आवाज! वरच्या मजल्यावर नळ ठिबकतोय, तुम्ही त्याच्याकडे चढताय आणि अचानक तो लांब गेला, झालं, गंमत गेली. म्हणून खेळणाऱ्याबरोबर आवाजाची उगमस्थानंपण तेवढीच खाली सरकवली. हे जमलं त्या रात्री मी उगाचच जिना चढत राहिले, स्वतःच्याच गेममध्ये, मस्त वाटलं.

उजेडाचं थोडक्यात सांगते. पहिल्या सायलेंट हिलमध्ये १९९९ साली धुकं टाकलं होतं कारण त्या प्लेस्टेशनला लांबचं काढायला झेपत नव्हतं, आणि तेच धुकं पुढे त्या गेमची ओळख झालं. मुंबईत कसलं आलंय धुकं, पण माझ्याही लॅपटॉपला झेपत नव्हतंच, म्हणून गॅलरीत एकच ट्यूबलाइट, जुन्या चोकवाली. तिचं लुकलुकणं ठेक्यात केलं तर डिस्को वाटतो, रँडम केलं तर खोटं वाटतं. खरी ट्यूब कशी, दोनदा प्रयत्न करते, टोकं लाल होतात, विचार करते, मग पेटते. स्टार्टरचा टिंग आवाज घातल्यावर ती खरी झाली. आणि जिन्याखाली मीटरची पेटी, फ्यूज उडाला की अंधारात तिथे खाली जायचं, जे कुणालाच आवडत नाही. हवं तर माचिस. ही आयडिया फार जुनी आहे, अटारीच्या १९८२ च्या हाँटेड हाउसमध्येसुद्धा काडी पेटवायची होती, अंधारात तुमचं पात्र म्हणजे फक्त दोन डोळे दिसायचे. आज बघितलं तरी छान वाटतं.

भूत कुठलं यावर मात्र घरात चर्चासत्र झालं. दादाला हडळ हवी होती, आईचं म्हणणं मुंजा, पण मुंजाला पिंपळ लागतो आणि पिंपळ ठेवायला चौकात जागा होती खरं तर. मी समंध घेतला. निपुत्रिक गेलेला, जीव कशात तरी अडकलेला, जागा न सोडणारा. म्हटलं हा तर पागडीचा भाडेकरूच, वारस नाही, पावती अजून त्याच्याच नावावर, आणि बिल्डरने त्याला विचारलेलंच नाही. जागा सोडायला तो का तयार होईल? खरं सांगायचं तर खेळता खेळता तुम्हाला त्याची बाजू पटायला लागावी अशी माझी इच्छा आहे.

तो दिसत नसला तरी त्याला डोकं द्यावं लागतंच. एलियन आयसोलेशन हा २०१४ चा गेम, त्यात ते राक्षसाला दोन डोकी देतात म्हणे तसं केलं. एक वरचं, ज्याला खेळणारा कुठे आहे ते कायम माहीत असतं, पण ते फक्त मोघम सांगतं की बाबा त्या बाजूला बघ. दुसरं खुद्द समंधाचं, ज्याला फक्त ऐकू येतं आणि उजेड दिसतो. त्यामुळे तो आसपास घोटाळतो पण थेट मानगुटीवर येत नाही. तुम्ही दार जोरात लावलंत, धावलात, काडी पेटवलीत की चपलांचा आवाज. फटक, फटक, फटक. आणि थांबला की बघायचं कुठल्या दारात आहेत.

टेस्टिंगला पहिले बसले ऑफिसमधले लोक. एकजण सगळी भूतं कोळून प्यायलेला, हसत हसत खेळायला लागला, चपला तिसऱ्या दारात आल्यावर म्हणाला, "हां, कळलं तुझं," आणि त्यानंतर एकदाही मागे वळला नाही, म्हणजे गेममध्ये, मुद्दाम मागे न बघता चालत होता. दुसरी एक अमराठी मैत्रीण, तिला चपलांचं काहीच वाटलं नाही आधी, पण स्वतःच्या पात्राच्या चपला दारात काढायला लावतो आपण एका जागी, आणि परत येऊन बघते तर दोन जोड, तेव्हा तिने हेडफोनच काढले. आत्येभावाने मात्र खेळताना चाळीतल्या चुका काढल्या, नळ उजवीकडे होता, तुळस इथे नव्हती.

आणि आत्या. तिला माऊस जमेना म्हणून मी चालवत होते आणि ती सांगत होती, इकडे वळ, तिकडे बघ. घाबरली वगैरे नाही अजिबात. दाराच्या पाट्या वाचत होती, मी खोटी नावं घातलीत तर ती प्रत्येक दाराला खरं कोण राहायचं ते सांगत सुटली, कोणाची मुलगी अमेरिकेला, कोणाचं लग्न याच गॅलरीत मांडव घालून झालं. मला वाटलं माझी सगळी भीती धुऊन गेली. शेवटी तिने एक अट घातली की बाई तुला काय भुतं सोडायचीत ती सोड पण माझ्या खोलीत नको. मग तिसऱ्या मजल्यावरची ती एक खोली सेव्ह रूम केली. जुन्या हॉरर गेममध्ये अशी एक खोली असायचीच, जिथे काही येत नाही, मंद संगीत वाजतं, श्वास घ्यायचा, गेम सेव्ह करायचा. रेसिडेंट इव्हिलमध्ये टाइपरायटर असतो, आमच्याकडे देव्हाऱ्यातली निरंजन लावायची. वाती मोजक्याच.

आता घोडं अडलंय शेवटावर. चकव्यातून सुटायचं कसं? आजी सांगायची, चकवा लागला की चालायचं नाही, गपचूप एका जागी बसायचं, उजाडेपर्यंत. तर मी तेच ठेवलंय. शेवटी चपला तुमच्या दारात येतात आणि करायचं काही नाही, पळायचं नाही, दार लावायचं नाही, जिन्यावर बसून राहायचं, पहाटे नळाला पाणी येऊन पाइपात खरखर वाजेपर्यंत. डिझाइन म्हणून हे भयंकर आहे कारण गेम खेळणाऱ्याच्या हाताला बसवतच नाही. सगळे उठतात! काहीजण तर बटण चुकून दाबलं म्हणतात. बसायचंय हे त्यांना कळावं म्हणून आजीचं एक वाक्य आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, तेही कोणी वाचत नाही.

वेळ तीन मिनिटं ठेवली होती. ऑफिसातला तो कोळून प्यायलेला म्हणतो दीड मिनिट कर, लोक मोबाइल बघायला लागतील. दादा म्हणतो दोन. आत्याला विचारलं तर म्हणाली, "रात्र तीन मिनिटांची असते होय?"

सध्या चार केलीयत.